मदत हवी आहे : लस टोचल्यापासून खांदा धरलाय, भरपाई कशी मागू?

रानजाई:
फार्मसीतल्या मुलीने सुई दंडाच्या पार वर, हाडाजवळ घातली. त्याच रात्रीपासून खांदा ठणकतोय. आता वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायलाही लेकीला हाक मारावी लागते. दोन वकील 'फोन करतो' म्हणाले, केला नाही. भरपाई मिळवलेलं कुणी आहे का इथे? लवकर सांगा, जीव मेटाकुटीला आलाय.

डोंगरवाट:
कुठली लस? कधी? कुठे असता?

पाटावरवंटा:
ग्राहक आयोगात जा. २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. माझ्या भावाला फ्रिजचे पैसे परत मिळाले.

डोंगरवाट:
अहो, देश तर कळू द्या आधी!

रानजाई:
न्यू जर्सी. फ्लूची लस. २ वर्षं होऊन गेली.

सई_बॉस्टन:
मी यातून गेलेय. लस टोचताना झालेल्या अशा खांद्याच्या इजेला 'सिर्वा' म्हणतात, २०१७ पासून ती अमेरिकी सरकारच्या लस-भरपाईच्या तक्त्यात आहे. दुखणं ४८ तासांत सुरू झालेलं हवं आणि ६ महिन्यांहून जास्त टिकलेलं. दावा फार्मसीवर नाही, आरोग्य खात्याच्या सचिवांविरुद्ध, वॉशिंग्टनच्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये. दाव्याला आधार असेल तर हरलात तरी वकिलाची फी या भरपाईच्या निधीतून मिळते. मुदत पहिल्या लक्षणापासून ३ वर्षं, म्हणजे तुमच्याकडे वेळ कमी आहे.

काळी_माती:
निर्गुडीचं तेल कोमट करून चोळा. आणि लसी घेताच कशाला?

डोंगरवाट:
सुई चुकीच्या जागी गेली, त्यात लसीचा काय दोष? माझे बाबा फ्लूने दहा दिवस दवाखान्यात होते. उगाच लोकांना घाबरवू नका.

काळी_माती:
घाबरवत नाही, अनुभव सांगतेय.

सई_बॉस्टन:
ताई, हात कोणता? फार्मसीच्या कागदावर तोच लिहिलाय ना?

रानजाई:
उजवा. त्याच दिवशी डाव्या हातात कोविडची घेतली होती. कागदावर नेमकं उलटं लिहिलंय.

सई_बॉस्टन:
हे आधी सांगायचं हो! कागदाप्रमाणे उजव्या हातात कोविडची ठरते, आणि त्या लसीची भरपाई योजना वेगळी. लस घेतल्यापासून १ वर्षात अर्ज करायचा असतो, म्हणजे तिथली तुमची मुदत गेली. तिथे वकिलाची फी नाही, वेदनेचे पैसेही नाहीत. फ्लूची सुई उजव्या हातातच होती हे दाखवावं लागेल. डॉक्टरांना पहिल्यांदा कधी सांगितलंत?

रानजाई:
भेट ३ महिन्यांनी. पण थांबा, डॉक्टरांच्या पोर्टलवर बघते.

रानजाई:
सापडलं! पाचव्या दिवशीचा माझाच मेसेज : 'फ्लूची लस घेतल्यापासून उजवा हात वर जात नाही, काय करू?'

सई_बॉस्टन:
आजच तारखेसकट छापून ठेवा. वकिलाला सगळ्यात आधी हाच कागद दाखवा.