शाळेतलं बुद्धिबळ: तुमच्याकडे काय घडलं?

जूनपासून शाळेत बुद्धिबळ मंडळ काढतोय. सोलापुरात ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. सल्ले भरपूर मिळालेत, घडलेलं सांगा.

शिक्षिका, पूर्व भाग
रेक्झिनचे सहा पट घेऊन गुरुवारी शाळा सुटल्यावर बसायचो. सुरुवातीला चाळीस पोरं, दिवाळीनंतर नऊ. मुली तर कधी एकही नाही. मला वाटलं, गोडी संपली. मग एकीनं सांगितलं, "बाई, आज पाणी येतंय." नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, आई वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला गेलेली, भरायला हीच.

खेळ मधल्या सुट्टीत आणला. खिचडीनंतर वीस मिनिटं. तेवढ्यात डाव संपत नाही, म्हणून चाली वहीत लिहून ठेवायच्या आणि उद्या तिथून पुढे. एरवी चाली लिहा म्हणून घसा कोरडा केला होता, तेव्हा कुणी पेन उचललं नव्हतं!

जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि आंध्रची कोनेरू हंपी समोरासमोर आल्या. वर्गात दोन तट. घरी तेलुगू बोलणाऱ्या पोरी हंपीकडून. दिव्या जिंकली. त्या आठवड्यात पट कमी पडले, रुसलेल्याही येऊन बसल्या.

माजी विद्यार्थी
सर नवख्यांना नुसते राजे आणि प्यादी मांडून द्यायचे. ज्याचं प्यादं आधी पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोचून वजीर होईल तो जिंकला. आम्ही वैतागायचो, कारण दुसऱ्या शाळेतली पोरं चार चालींत मात द्यायची. त्यांचा सगळा डोळा राजाकडच्या उंटापुढच्या प्याद्यावर. तो हल्ला एकदा परतवला की मात्र "आता काय बे?" असं तोंड. प्यादी उरलेल्या डावात ती हरायचीच.

आजोबा
आमचा खेळ देशी, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. नातू शाळेतून किल्लेकोट, म्हणजे एकाच चालीत राजा आणि हत्ती दोन्ही हलवणं, शिकून आला, मी म्हटलं ही चोरी आहे. दोन दिवस अबोला. आता रविवारी माझे नियम, इतर दिवशी त्याचे.

निवृत्त क्रीडाशिक्षक
देणगीत डावाची वेळ मोजायची दोन घड्याळं मिळाली. कपाटाची किल्ली कार्यालयात, त्यामुळे वर्षभर कपाटातच चालली. सोंगट्यांचं मात्र जमलं: पिशवीत ३२ मोजून दाखवल्याशिवाय घरी जायचं नाही. तरी एका संचात हत्तीच्या जागी सोड्याच्या बाटलीचं झाकण आहे. नवा हत्ती आणला होता, पोरांनी घेतला नाही.