क्लाउडचा ‘स्वीकार’, ‘अवलंब’ की ‘अंगीकार’? आणि ‘घटक’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न

उद्योगसंस्था क्लाउड संगणनाकडे (म्हणजे संगणक, साठवण व सॉफ्टवेअर स्वतः विकत न घेता पुरवठादाराकडून सेवा म्हणून वापरण्याकडे) कोणत्या कारणांनी वळतात, या विषयावरील एक अहवाल मी मराठीत आणत आहे. मूळ शीर्षकात ‘ॲडॉप्शन’ आणि ‘फॅक्टर्स’ हे दोन शब्द आहेत. पहिल्यासाठी स्वीकार, अवलंब, अंगीकार आणि दत्तक असे चार पर्याय समोर येतात. ‘दत्तक’ येथे चालणार नाही हे उघड आहे. उरलेल्या तिघांत अर्थाचा खरा फरक आहे, की कोणताही वापरला तरी चालेल? ‘फॅक्टर्स’साठी मी सरसकट ‘घटक’ योजला आहे. तो योग्य आहे का?

प्रतिसाद १

फरक आहे, आणि या विषयात तो सांभाळला नाही तर वाक्य बरोबर दिसूनही अर्थ निसटतो.

‘स्वीकार’ हा मुख्यतः व्यक्तीच्या मनाचा व्यवहार आहे. संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली मांडलेले तंत्रज्ञान-स्वीकाराचे प्रारूप याच अर्थाचे आहे. एखादी प्रणाली आपल्या कामाला उपयोगी पडेल असे माणसाला किती वाटते आणि ती वापरणे किती सोपे वाटते, या दोन गोष्टींवर ते उभे आहे. संस्थेचा निर्णय मात्र वेगळ्या पातळीवर होतो. त्यासाठी टॉर्नाट्झकी आणि फ्लायशर या संशोधकांची १९९० सालची चौकट वापरतात. तीत तंत्रज्ञान, संस्था आणि परिस्थिती अशा तीन बाजू धरल्या आहेत. तेथे ‘अवलंब’ हाच शब्द शोभतो, कारण ‘पद्धतीचा अवलंब करणे’ यात ठरवून घेतलेला आणि कृतीत उतरलेला निर्णय अभिप्रेत असतो. संचालक मंडळाने करारावर सही केली, सर्व नोंदी क्लाउडवर गेल्या, पण लेखा विभागातील कर्मचारी अजून जुन्याच तक्त्यात आकडे भरतो आणि संध्याकाळी ते नव्या प्रणालीत उतरवतो, अशी स्थिती असेल तर संस्थेने अवलंब केला आहे, कर्मचाऱ्याने स्वीकार केलेला नाही. दोन्हींसाठी एकच शब्द वापरला तर अहवालाला ही दरी दाखवताच येणार नाही.

‘अंगीकार’ याच्याही पुढचा आहे. समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांच्या नवकल्पनांच्या प्रसाराविषयीच्या मांडणीत संस्थेतील प्रक्रियेची शेवटची पायरी अशी आहे की नवी गोष्ट रोजच्या कामात मुरते आणि तिचे नवेपणच उरत नाही. अंगीकार म्हणजे अंगाचा भाग करून घेणे, म्हणून तो या पायरीसाठी राखून ठेवावा. शीर्षकात त्याची गरज नाही.

‘निवड’ हा चौथा शब्दही वेगळा ठेवावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउडची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तीत सेवेचे तीन प्रकार आहेत (नुसती पायाभूत यंत्रणा, स्वतःचे सॉफ्टवेअर उभारण्यासाठी तयार मंच किंवा पूर्ण सॉफ्टवेअर) आणि उभारणीचे चार: सार्वजनिक, खासगी, सामुदायिक व संमिश्र. त्यामुळे ‘क्लाउड निवडला’ एवढ्याने बोध होत नाही. काय निवडले आणि कोणाकडून, हे सांगावे लागते. एखादी संस्था ईमेलसाठी तयार सॉफ्टवेअर घेईल आणि उत्पादनाचे नियंत्रण स्वतःच्याच खोलीतील सर्व्हरवर ठेवील. तिने अवलंब केला की नाही, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी सहमत आहे. मी ‘घटक’ या शब्दाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते खरी अडचण तेथे आहे. मराठीत घटक म्हणजे मुळात एखाद्या वस्तूचा बनवणारा भाग. ‘परिणाम करणारे घटक’ हा प्रयोग आता रूढ आहे आणि तो चूक म्हणता येणार नाही. मात्र त्याने खर्च, कायदा, प्रतिस्पर्ध्यांची चाल आणि कर्मचाऱ्यांचे कौशल्य या चार अगदी वेगळ्या गोष्टी एका रांगेत बसतात. मराठीत त्यांना वेगळे शब्द आहेत आणि ते वापरावेत असे मला मनापासून वाटते.

ज्याने आपण पर्याय तोलून पाहतो तो ‘निकष’. खर्च हा निकष आहे. त्याबद्दल ‘क्लाउड स्वस्त पडतो’ असे सरधोपट विधान अहवालात असेल तर ते तपासून घ्यावे, कारण क्लाउडने आधी खर्चाचे स्वरूप बदलते. यंत्रे विकत घेण्याचा भांडवली खर्च जातो आणि त्याच्या जागी वापराप्रमाणे दरमहा येणारे बिल येते. ज्या संस्थेचे काम वर्षातील काही दिवस दसपट होते आणि एरवी ओसरते, तिला याचा मोठा लाभ होतो, कारण त्या थोड्या दिवसांसाठी वर्षभर यंत्रे पोसावी लागत नाहीत. ज्याचा भार बाराही महिने सारखा आणि प्रचंड आहे, त्याचे गणित उलटू शकते. तेव्हा टपालाने डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या नेटफ्लिक्सचा माहितीसाठा ऑगस्ट २००८ मध्ये बिघडला, तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत, आणि त्यानंतर त्या कंपनीने सुरू केलेले क्लाउडवरील स्थलांतर जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण झाले. त्याच सुमारास फायली साठवण्याची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने ग्राहकांच्या फायलींचा बहुतांश साठा क्लाउडवरून काढून स्वतःच्या यंत्रणेत नेला आणि दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलरची बचत झाल्याचे २०१८ साली समभाग विक्रीच्या कागदपत्रांत नमूद केले. नेटफ्लिक्सला सेवा बंद पडू न देणे महत्त्वाचे होते, ड्रॉपबॉक्सला खर्च, म्हणून दोघांचे उत्तर वेगळे आले, आणि दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर होती.

उपलब्धता, म्हणजे सेवा किती वेळ चालू राहते, हाही निकषच आहे, पण तो टक्क्यांत लिहिला की वाचणाऱ्याच्या मनावर ठसत नाही. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास सेवा बंद राहण्याची मुभा. आपली प्रणाली अशा तीन सेवांवर एकाच वेळी टेकलेली असेल आणि त्या वेगवेगळ्या वेळी बंद पडत असतील, तर ही मुभा सव्वीस तासांवर जाते. भाषांतरात टक्केवारीशेजारी तासही द्यावेत, अशी माझी सूचना आहे.

जिच्यावाचून पुढे जाताच येत नाही ती ‘अट’. डेटा कोणत्या देशात ठेवायचा याविषयीचा कायदा हा तोलण्याचा विषय नसतो. तो पाळावाच लागतो. युरोपीय संघाचा डेटा संरक्षण नियम २५ मे २०१८ पासून लागू झाला, आणि जुलै २०२० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेशी असलेली डेटा हस्तांतरणाची व्यवस्था रद्द ठरवली, तेव्हा अनेक संस्थांना केलेली निवड पुन्हा तपासावी लागली. दर किंवा सोयी यांतले काही बदलले नव्हते. अट बदलली होती.

प्रतिस्पर्धी गेले, मोठ्या ग्राहकाने आग्रह धरला, सॉफ्टवेअर पुरवठादाराने जुन्या आवृत्तीचा आधार थांबवला, हा ‘रेटा’. आणि हे सारे पेलण्याइतकी माणसे, कौशल्य व इंटरनेटची जोडणी संस्थेकडे आहे का, ही ‘कुवत’. कुवतीकडे लहान संस्थांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते. यंत्रांची देखभाल पुरवठादाराकडे गेली तरी कोणाला कोणती फाईल उघडता यावी, डेटाच्या राखीव प्रती कोठे ठेवाव्यात, हे ग्राहकालाच ठरवावे लागते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील ओव्हीएच या क्लाउड पुरवठादार कंपनीच्या डेटा केंद्राला आग लागून एक इमारत पूर्ण जळाली, तेव्हा ज्यांनी दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवली नव्हती अशा काही ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. ‘क्लाउडवर आहे म्हणजे प्रत आहे’ ही समजूत त्यांना महागात पडली.

प्रतिसाद ३

‘अवलंब’ शब्दाबद्दल एक भर घालतो. ‘अवलंब करणे’ आणि ‘अवलंबून असणे’ यांचा धातू एकच आहे, आणि येथे ही जवळीक उपयोगी पडते. एका पुरवठादाराच्या खास सेवांभोवती प्रणाली बांधली की ती दुसरीकडे नेणे अवघड होते. या स्थितीला काही भाषांतरांत ‘बांधिलकी’ म्हटलेले पाहिले. तो शब्द टाळावा, कारण मराठीत बांधिलकी ही स्वखुशीने आणि तत्त्वाने पत्करलेली असते. ‘पुरवठादारावरील अवलंबित्व’ हा नेमका शब्द आहे, आणि बोलण्यात ‘जखडले जाणे’ सर्वांना समजते.

हे अवलंबित्व तांत्रिक असते, तसे आर्थिकही असते. डेटा आत घेताना बहुधा शुल्क नसते, बाहेर काढताना मात्र गिगाबाइटमागे पैसे पडतात. त्याला ‘निर्गम शुल्क’ म्हणण्यापेक्षा ‘डेटा बाहेर नेण्याचे शुल्क’ असे सरळ लिहावे. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून, पुरवठादार बदलताना आकारले जाणारे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून त्यात पूर्णपणे बंद होणार आहे. म्हणून ‘पुरवठादार बदलणे’ आणि ‘स्थलांतर’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. पहिल्याला कायद्यात आता स्वतंत्र अर्थ आहे, तर दुसरा स्वतःच्या यंत्रांवरून क्लाउडवर जाण्यासाठी मराठीत रुळला आहे.

शीर्षकासाठी ‘उद्योगसंस्थांकडून क्लाउड संगणनाची निवड व अवलंब: निकष, अटी आणि रेटा’ असे सुचवतो. कुवत हा विषय अहवालात स्वतंत्र प्रकरणाइतका असेल, तर तोही शब्द शीर्षकात घ्यावा.