बोरोइचीत मिळालेली जुनी बेसबॉल कार्डं, लॅमिनेट करू का?

निशिकासाईकर:
मंडळी, मी चार वर्षं तोक्योत निशिकासाईला राहतोय पण बेसबॉलमधलं ओ का ठो कळत नाही. जानेवारीत सेतागायाच्या बोरोइचीला (जुनापुराणा बाजार, दरवर्षी डिसेंबर आणि जानेवारीच्या १५-१६ तारखेला भरतो) बायकोला चहाचे कप बघायचे होते म्हणून गेलो आणि एका आजोबांच्या पथारीवर ही पुठ्ठ्याची कार्डं दिसली. १४ कार्डांचा गठ्ठा, ३००० येन. घासाघीस केली नाही, आजोबा फार गोड होते. कार्डं छोटी उभट, चांगली जाड, ब्लॅक अँड व्हाइट फोटोवर रंग फासल्यासारखे दिसतात, एका प्लेअरचे गाल तर लावणीवालीसारखे गुलाबी. मागे लांबलचक नंबर आणि हाताच्या पंजाचं चित्र. एकावर पेन्सिलीने काहीतरी खरडलंय. साल कुठेच नाही. किती जुनी असतील? तो नंबर सिरीयल नंबर आहे का? आणि कडा सुटायला लागल्यात म्हणून लॅमिनेट करून पुण्याला भावाकडे पाठवावी म्हणतोय.

पुठ्ठेबहाद्दर:
लॅमिनेशनचं आत्ताच्या आत्ता डोक्यातून काढ!!! आपल्याकडे मार्कशीटपासून देवाच्या फोटोपर्यंत सगळं लॅमिनेट करायची खाज असते, पण गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की कार्ड मेलं, परत निघत नाही.
याला मेंको म्हणतात. म्हणजे मुळात कार्ड नाहीच, खेळणं आहे. समोरच्याचं कार्ड जमिनीवर, आपलं त्याच्या शेजारी जोरात आपटायचं, वाऱ्याने त्याचं उलटलं की आपलं झालं. आपण काडेपेटीचे छाप लावून खेळायचो ना, तीच जिंकाजिंकी. मागचा नंबर सिरीयल बिरीयल नाही, ज्याचा आकडा मोठा तो जिंकला असा वेगळा खेळ त्यावर चालायचा. पंजा म्हणजे जानकेन, दगड-कागद-कात्री. आपटायला जागा नसली की पोरं यावर भागवायची. त्यामुळे कडा चेपलेल्या असणारच, उलट एकदम कोरं करकरीत मेंको दिसलं की मी आधी भिंग काढतो.
रंगवलेल्या फोटोंवरून साधारण १९५० च्या दशकाचा शेवट ते ६० च्या दशकाची सुरुवात वाटते. त्याआधीच्यांवर फोटोपेक्षा चित्रं जास्त असायची.

ओसाकातली मावशी:
साल नसलं तरी टीमचं नाव बघ रे. जपानमध्ये टीम कंपन्यांच्या, कंपनीने विकली की नाव बदलतं. कोकुतेत्सु स्वॅलोज (कोकुतेत्सु म्हणजे सरकारी रेल्वे, आपली रणजीत रेल्वेची टीम असते ना तसं) हे नाव १९५० ते १९६५ एवढंच होतं. त्यांचा कानेदा हा बॉलर, म्हणजे पिचर, १९६५ ला जायंट्सकडे (तोक्योची टीम) गेला, करिअरमध्ये ४०० मॅच जिंकल्या त्याने. तो कोकुतेत्सुच्या टोपीत असला तर फोटो त्याआधीचा. निशितेत्सु लायन्स असेल तर १९७२ च्या पुढचं नक्की नाही.
आणि 王 हे एकच अक्षर दिसलं तर तो सादाहारु ओ, जायंट्सचा ८६८ होमरनवाला (होमरन म्हणजे आपल्या सिक्सरसारखं). १९५९ ला आला, पण एक पाय उचलून मारायची स्टाइल १९६२ च्या जुलैपासूनची. म्हणजे पाय वर असेल तर कार्ड त्यानंतरचं. (मी हानशिनवाली, म्हणजे जायंट्सच्या कट्टर विरोधी टीमची फॅन आहे, जायंट्सचं कौतुक इथेच थांबवते.)
माझे सासरे लहानपणी मेंकोला मेण चोळायचे, जड होऊन नीट आपटावं म्हणून. कार्ड चिकट वाटलं तर लगेच पुसायला जाऊ नकोस.

कोल्हापुरी कलेक्टर:
मी इथून प्रॉक्सीवाल्यांकडून (आपल्या वतीने जपानमध्ये खरेदी करून पाठवणारे) याहू ऑक्शनवर घेतो, कार्डापेक्षा शिपिंग आणि ड्युटीच जास्त होते, घरात बोलणी खातो ते वेगळंच. १९७३ पासून कॅल्बी या खाऊच्या कंपनीने स्नॅकच्या पुड्यासोबत कार्डं द्यायला सुरुवात केली, पहिल्या नंबरचं कार्ड जायंट्सच्या नागाशिमाचं. नवीन माणसाने खरं तर तिथूनच सुरुवात करावी, मागे मजकूर असतो, नंबर असतात, सेट लावता येतो. मेंकोत काय, कंपनीचं नावसुद्धा धड नसतं बऱ्याचदा.
ग्रेडिंगला पाठव, म्हणजे कंपनी कार्डाची अवस्था तपासून दर्जा देते, डबीत सील होऊन येतं.

पुठ्ठेबहाद्दर:
ग्रेडिंग कशाला दादा? १४ कार्डांना ३००० दिलेत त्याने, ग्रेडिंगची फी त्याच्या वर जाईल. एखादं खरंच ओ चं १९५९ चं निघालं तर बघू. साधा स्लीव्ह (पातळ प्लास्टिकची पिशवी) आणि जाड टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं कव्हर) घे, मेंको नेहमीच्या टॉपलोडरमध्ये कोंबलं तर कडा अजून सोलतात. पुण्याला पावसाळ्यात सिलिका जेल टाकायला सांग भावाला.

निशिकासाईकर:
बाप रे, एवढं निघेल वाटलं नव्हतं. रात्री ऑफिसच्या कॉलमध्ये कॅमेरा बंद करून सगळी परत तपासली. एक कोकुतेत्सुचं आहे, कानेदाच का ते कळत नाही. ओ एकच आहे, पाय वर! म्हणजे १९५९ चं नाही, भावाची निराशा होणार. मावशी, तुमच्या सांगण्यावरून काहीच पुसलं नाही. पेन्सिलीचं मात्र शेजारच्या काकूंना दाखवलं, त्या हसायलाच लागल्या. कुणा पोराचं नाव आहे आणि पुढे 'तिसरी, तुकडी २'.

ओसाकातली मावशी:
ते खोडू नकोस हं. आणि ते एक भावाला पाठवू पण नकोस, तुझ्याकडेच ठेव.