मदत हवी आहे: नवीन घर, बाथरूमच्या छताला पाण्याचे थेंब

थेंबेथेंब
घर नवीन आहे. आंघोळ झाली की बाथरूमच्या छताला पाणी धरतं, थेंब डोक्यावर पडतात. रंगाला फोड आलेत, कोपऱ्यात काळे ठिपके. एक्झॉस्ट आहे आणि चालू असतो. बिल्डर म्हणतो सुकेल हळूहळू. कोणता रंग लावला की हे थांबेल? थेट उत्तर द्या प्लीज, रविवारी रंगारी येतोय.

ओळंबा
आधी हे सांगा: वर काय आहे, गच्ची की दुसऱ्याचं बाथरूम? थेंब छतभर की एकाच जागी? आंघोळ न करता दिवसभर बंद ठेवलं तरी ओल दिसते का? बाथरूमचं माप? एक्झॉस्टची हवा नक्की कुठे बाहेर पडते?

निवांत_उंट
आरशावर शेव्हिंग क्रीमचा पातळ थर चोळून कोरड्या फडक्याने पुसा. वाफ धरत नाही.

दोनसूत
आरशाचं कोणी विचारलंय?

करणी_थापी
बिल्डर अगदीच खोटं बोलत नाहीये. एक घनमीटर काँक्रीटमध्ये साधारण १५० ते १८० लिटर पाणी पडतं. त्यातलं सिमेंट धरून ठेवतं तेवढं सोडून बाकीचं महिनोन् महिने बाहेर येत राहतं. पण त्याचे थेंब टपकत नाहीत, त्याने रंग फुगतो आणि क्षाराची पांढरी भुकटी येते. तुमच्याकडे बहुधा दोन्ही आहे.
तपासायला छत पुसून हेअर ड्रायरने कोरडं करा. जिथे रंग घट्ट आहे तिथे दीड फुटी चौकोनी पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा. २४ तास, मधे नेहमीसारख्या आंघोळी चालू द्या. पाणी खोलीच्या बाजूला दिसलं तर वाफ, प्लास्टिकच्या वरच्या बाजूला दिसलं तर स्लॅबची ओल किंवा गळती. टेप एका कडेला जरी सुटली तरी निकाल धरू नका.

पॅनेलप्रेमी
इतका कुटाणा कशाला? पीव्हीसी पॅनेलचं फॉल्स सीलिंग ठोका. बुरशी नाही, रंग नाही, पुसलं की स्वच्छ.

ओळंबा
आणि पॅनेलच्या सांध्यांतून वाफ वर गेली की थेंब स्लॅबलाच धरणार, फक्त तुम्हाला दिसणार नाहीत. दिसतील तेव्हा दिव्याच्या भोकातून गळतील. पॅनेल लावायचंच तर आधी २५ मिलिमीटरचा एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा कडक फोम) स्लॅबला पूर्ण चिकटवून, मधे हवा न ठेवता, सांधे टेपने बंद करून. मग वर काहीही लावा.

पॅनेलप्रेमी
हजारो घरांत नुसती पॅनेल आहेत.

ओळंबा
ती काढून वर बघितलंय का कोणी?

थेंबेथेंब
भांडू नका हो. वर गच्ची. बाथरूम ५ × ८, उंची ९ फूट. थेंब छतभर, बाहेरच्या भिंतीकडे जास्त. प्लास्टिक लावलं होतं, पाणी खालच्या बाजूला, वर कोरडं. आता रंग सांगा.

दोनसूत
म्हणजे वाफच. बाथरूममध्ये २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं ते, साधारण २६ अंशांवर येतो. रात्रभर उघड्या आभाळाखाली निवलेला स्लॅब त्याहून गार असतोच. रंग कुठलाही मारा, पृष्ठभाग २६ च्या खाली म्हणजे थेंब. 'थेंबरोधक' रंगाच्या अर्ध्या मिलिमीटर थराला उष्णतारोधक म्हणणं जिवावर येतं.
एक्झॉस्टचा हिशेब: ५ × ८ × ९ = ३६० घनफूट. तासाला ८ वेळा हवा बदलायची तर मिनिटाला ४८ घनफूट. डब्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, पाइप आणि जाळी लावली की घटतो. म्हणून ७०-८० चा घ्या.
पण फॅन बाहेर ढकलेल तेवढीच हवा आत यायला हवी. दाराखाली फट किती? अडीच फुटी दाराला निदान १० मिलिमीटर, म्हणजे तीन सूत. फॅनसमोर वीतभर अंतरावर टिश्यूची पट्टी धरा, दार बंद आणि दार किलकिलं. फडफडण्यात फरक पडला तर वाट दाराकडेच अडलीय.

शंकासूर
खिडकी उघडली की काम झालं. फॅन कशाला?

दोनसूत
खिडकी फॅनला लागून असेल तर फॅन खिडकीतलीच हवा ओढतो, वाफ कोपऱ्यात तशीच.

शंकासूर
आणि पावसाळ्यात? बाहेरच ९० टक्के!

करणी_थापी
टक्के बघू नका, ग्रॅम बघा. बाहेर १५ अंश आणि ९० टक्के म्हणजे घनमीटरला ११-१२ ग्रॅम पाणी. आत २८ अंश आणि ९० टक्के म्हणजे २४ च्या पुढे. तीच बाहेरची हवा आत येऊन २८ अंशांना तापली की ४० टक्क्यांवर येते. बाहेरही २८ असेल तर फायदा कमी, हे खरं. पण तेव्हा स्लॅबही इतका गार नसतो.

निवांत_उंट
आरशामागे हीटिंग पॅडही मिळतं.

थेंबेथेंब
दाराला खाली रबरी पट्टी आहे, फट शून्य. टिश्यू दार बंद असताना हललाच नाही, उघडल्यावरही जेमतेम. मग बाहेरून बघितलं. फॅनच्या झडपेच्या तिन्ही पाती रंगाने चौकटीला चिकटल्यात! बाहेरची भिंत रंगवताना वरूनच ब्रश फिरवलाय. फॅन आंघोळ संपली की बंद करतो, ते सांगायचं राहिलं.

ओळंबा
झालं की मग. झडप सोडवा, पट्टी काढा, फॅन आंघोळीनंतर २० मिनिटं चालू द्या. टायमर स्विच बसवलात तर लक्षात ठेवायला नको. भिंती वायपरने ओढून घ्या, तेवढी वाफ कमी. बाहेरच्या भिंतीकडे बीम असणार, तो सगळ्यात गार. तिथे थोडे थेंब राहतीलच. कायमचा इलाज गच्चीवरून: स्लॅबवर इन्सुलेशन.
काळे ठिपके कोरडे खरवडू नका, बुरशी उडते. साधं ब्लीच १५-१६ पट पाण्यात, दार उघडं ठेवून. ॲसिडवाल्या क्लीनरबरोबर अजिबात नको, क्लोरीन वायू होतो.

थेंबेथेंब
मग रविवारी रंगाऱ्याला काय सांगू?

दोनसूत
येऊ दे, झडपेवरचा रंग काढायला. फॅनचा स्विच बंद करून, ब्लेडने. बिजागरीत थिनर ओतू देऊ नका, पाती प्लास्टिकच्या असल्या तर मऊ पडून वाकतात. छताचे फोड खरवडून तसेच उघडे ठेवा. प्लास्टिकची चाचणी महिन्याने परत करा, दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या तर अल्कलीरोधक (सिमेंटच्या क्षाराला टिकणारा) प्रायमर आणि मग तुमचा रंग.