ट्रूमनचा हुकूम की कोरियातली गरज? अमेरिकी सैन्यातल्या वेगळ्या पलटणी कशामुळे गेल्या?

बाभूळ (धागाकर्ता)

"आधी माणसांची मनं बदलायला हवीत, मग नियम." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की कुणी सुरुवात केली की पुढचं मला पाठ म्हणता येतं. परवा घरी जेवताना मामांनी तेच पुन्हा काढलं, म्हणून मी अमेरिकी सैन्याचं उदाहरण दिलं. मामा काही गप्प बसले नाहीत (ते बसतच नाहीत), तेव्हा वाद इथे आणतोय.

दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त कृष्णवर्णीय अमेरिकी गणवेशात होते, पण पलटणी वेगळ्या, बराकी वेगळ्या, पंगतीही वेगळ्या. बहुतेकांच्या वाट्याला ट्रक चालवणं, गोदीत माल उतरवणं, रस्ते बांधणं. 26 जुलै 1948 ला राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी 9981 क्रमांकाचा आदेश काढला: सैन्यात वंश, वर्ण, धर्म, मूळ देश काहीही असो, वागणूक आणि संधी सगळ्यांना सारखी. त्याच आठवड्यात लष्करप्रमुख ओमर ब्रॅडली काय म्हणाले? की सेना समाजसुधारणा करायला निघालेली नाही, देश बदलेल तेव्हा ती बदलेल. म्हणजे आमच्या मामांचंच म्हणणं, फक्त खांद्यावर तारे लावून.

झालं उलटंच. 1953 संपता संपता लष्करातले 95 टक्के कृष्णवर्णीय सैनिक मिश्र तुकड्यांत होते. देशात तेव्हा शाळासुद्धा वेगळ्या होत्या, त्याबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1954 चा. मनं बदलायची वाट कुणी पाहिली नाही, तरी काम झालं.

आणि मनांचंच म्हणाल तर युरोपात 1945 साली लष्कराने एक पाहणी केली होती. आर्देनच्या लढाईत माणसं कमी पडली म्हणून कृष्णवर्णीय स्वयंसेवकांच्या प्लाटून गोऱ्यांच्या कंपन्यांत घातल्या होत्या. अशी मिसळ आपल्या कंपनीत झाली तर अजिबात आवडणार नाही, असं म्हणणारे गोरे सैनिक ज्यांनी ती पाहिलीच नव्हती त्यांच्यात 62 टक्के होते. प्रत्यक्ष तशा कंपनीत लढलेल्यांत 7. मनं अशी बदलतात, शेजारी उभं केल्यावर.

शिसपेन्सिल

पाहणीचा आकडा छान आहे, पण तुमचाच मुद्दा खोडतोय. आर्देनमध्ये कुठला हुकूम होता? माणसं कमी पडली होती! लढाई संपल्यावर त्या प्लाटून मोडल्या आणि सगळं पूर्ववत.

ट्रूमनचा आदेश एकदा नीट वाचा. वेगळ्या पलटणी बंद करा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. वार्ताहरांनी विचारलं तेव्हा ट्रूमन 'हो' म्हणाले, एवढंच. लष्कराने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. लष्करमंत्री केनेथ रॉयल यांनी उघड विरोध केला आणि 1949 मध्ये त्यांना जावं लागलं. कृष्णवर्णीय भरती दहा टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही ही मर्यादा 1950 पर्यंत टिकली. दोन वर्षं फायली फिरत होत्या. सरकारी काम, आणखी काय.

मग जून 1950 मध्ये कोरिया पेटलं. दक्षिण कॅरोलिनातल्या फोर्ट जॅक्सनला रंगरूट इतके येऊन आदळले की गोरे-काळे निवडत बसायला वेळच उरला नाही. तिथल्या सेनाधिकाऱ्याने आले त्या क्रमाने तुकड्या पाडायला सुरुवात केली. दक्षिण कॅरोलिनात, बरं का! आघाडीवर गोऱ्यांच्या पलटणींत माणसं पडत होती आणि मागे कृष्णवर्णीय जवान जास्तीचे बसून होते. शेवटी तिथले सेनापती जनरल रिजवे यांनी 1951 मध्ये एकत्रीकरणाची परवानगी मागितली आणि ऑक्टोबरात 24 वी इन्फन्ट्री रेजिमेंट ही जुनी कृष्णवर्णीय रेजिमेंट मोडली. हे सगळं तुमच्या हुकुमाने झालं म्हणता?

आपल्याकडेही हेच. 1892 साली इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं लागली तेव्हा 111 वी महार पलटण उभी राहिली, युद्ध सरल्यावर मोडली. पुन्हा युद्ध आलं तेव्हा 1941 मध्ये बेळगावात महार रेजिमेंट. गरज सरो, वैद्य मरो.

बाभूळ

महार रेजिमेंटचा दाखला घेतला, पण अर्धाच घेतो. 1941 ला युद्ध होतं तसे बाबासाहेबही व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. युद्ध दार ठोठावतं खरं, पण आत कुणीतरी कडी काढायला लागतो.

आणि हवाईदलाचं काय? कोरियाच्या आधीच, 1949 मध्ये, त्यांनी ओहायोतली कृष्णवर्णीय वैमानिकांची 332 वी विंग मोडून माणसं सगळीकडे वाटली. युद्ध नव्हतं, टंचाई नव्हती. लष्कर अडून बसलं होतं तेव्हा आदेश पाळला जातो का हे बघणारी फेही समिती त्यांच्या मानगुटीवर होती आणि ती समिती ट्रूमनच्या आदेशातूनच आली. दहा टक्क्यांची मर्यादा कोरियाच्या तीन महिने आधी उठली ती त्यांच्यामुळे. ती उठली नसती तर तुमचे ते 'जास्तीचे जवान' आले कुठून असते?

शिसपेन्सिल

मर्यादेबद्दल मान्य, तारीख माझ्या ध्यानात आली नव्हती. हवाईदलालाही एक गरज होतीच म्हणा, वेगळी विंग ठेवणं खर्चाचं होतं. पण ठीक, अर्धा गुण तुम्हाला.

कर्जतलोकल

दोघांचं वाचतोय आणि जरा गंमत वाटतेय. एकजण म्हणतो हुकूम, दुसरा म्हणतो गरज. ज्यांच्याबद्दल बोलताय ती माणसं म्हणजे काय पोतीं आहेत, कुणीतरी इकडून उचलून तिकडे ठेवायला?

12 फेब्रुवारी 1946. सार्जंट आयझॅक वुडार्ड पॅसिफिकची लढाई करून त्याच दिवशी सैन्यातून मोकळा झाला होता आणि बसने घरी निघाला होता. अंगावर गणवेश. वाटेत लघवीला थांबण्यावरून ड्रायव्हरशी बोलाचाली झाली. पुढच्या गावात, दक्षिण कॅरोलिनातल्या बेट्सबर्गला, ड्रायव्हरने पोलिस बोलावले. पोलिसप्रमुखाने मारहाण करून त्याचे दोन्ही डोळे फोडले. खटल्यात सगळे ज्यूरी गोरे, अर्ध्या तासात निर्दोष. ही हकीगत वॉल्टर व्हाइट यांनी ट्रूमनच्या कानावर घातली आणि तिथून त्यांची चक्रं फिरली. व्हाइट म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' या संघटनेचे प्रमुख. म्हणजे कुणीतरी ओरडत होतं.

दुसरं नाव ए. फिलिप रँडॉल्फ. रेल्वेच्या झोपायच्या डब्यांतल्या हमालांची युनियन बांधणारा माणूस. मार्च 1948 मध्ये सिनेटच्या समितीपुढे बसून त्यांनी सरळ सांगितलं की वेगळ्या पलटणींत सक्तीची भरती करणार असाल तर आमच्या पोरांना मी नकार द्यायला सांगेन. शीतयुद्धाच्या तोंडावर! जूनमध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला, जुलैमध्ये आदेश निघाला, नोव्हेंबरात निवडणूक. आता सांगा, कडी कुणी काढली?

आणि एक पत्र. 1944 च्या एप्रिलमध्ये सैन्याच्याच 'यँक' साप्ताहिकात कॉर्पोरल रूपर्ट ट्रिमिंगहॅमचं छापून आलेलं. लुईझियानातून प्रवासात असताना या कृष्णवर्णीय जवानांना स्टेशनच्या उपाहारगृहात खायला मिळालं, पण मागे स्वयंपाकघरात. साडेअकराच्या सुमारास जर्मन युद्धकैदी आले, दोनेक डझन. ते पुढच्या दाराने आत गेले, टेबलांवर बसले, त्यांना वाढलं गेलं, गप्पा मारत सिगरेटी ओढल्या. हे बाहेरून बघत उभे. आपल्याकडे मागच्या दाराने पाणी वाढलेली माणसं अजून हयात आहेत, त्यांना हे पत्र वाचून दाखवा. समजावून सांगावं लागणार नाही.

शिसपेन्सिल

मतांसाठी आदेश काढला म्हणजे ती गरजच की हो. फक्त लष्कराची नाही, ट्रूमनची. :)

कर्जतलोकल

ती गरज रँडॉल्फनी निर्माण केली. आपोआप नाही उगवली. यावरून मी हटणार नाही.

चहाबाज

झालं ते झालं. पण आता तिथे उलटा भेद सुरू झालाय त्याचं काय? बढती गुणांवर हवी, रंगावर नको. सैन्यात तरी.

कर्जतलोकल

गुणांवर? बेंजामिन ओ. डेव्हिस ज्युनियर 1932 ते 1936 वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत होता. चार वर्षं एकट्याची खोली, पंगतीला बसला तरी कुणी बोलायचं नाही. कामापुरतं तेवढंच बोलणं. तरी 35 वा आला. वैमानिक व्हायला अर्ज केला तर म्हणाले, कृष्णवर्णीयांचं उड्डाणपथकच नाही, तुला कुठे घेणार? गुण होतेच हो, मोजायची इच्छा नव्हती.

चहाबाज

ती 90 वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. मी आजचं विचारतोय.

बाभूळ

आजच्या आधी मधलं बघा. व्हिएतनामच्या वेळी तुकड्या मिश्र होत्या, तरी 1972 च्या ऑक्टोबरात 'किटी हॉक' या विमानवाहू जहाजावर गोरे-काळे खलाशी रात्रभर मारामारी करत होते. 1971 मध्ये तर वंशसंबंधांचं प्रशिक्षण द्यायला सैन्याला वेगळी संस्थाच काढावी लागली. म्हणजे नुसतं शेजारी उभं करून भागत नाही, हे माझ्या पहिल्या पोस्टच्या विरुद्ध जातं, कबूल. पण तिथून कृष्णवर्णीय कॉलिन पॉवेल 1989 मध्ये सर्वोच्च लष्करी पदावर पोचले ते रंगावर नव्हे. उलटा भेद म्हणायला तुमच्याकडे काय आहे ते तरी मांडा.

खारीबिस्कीट

मी उत्तर कॅरोलिनात असते, मुलगा सैन्यात आहे, म्हणून 'आजचं' थोडं सांगते. आमच्याजवळच्या छावणीला फोर्ट ब्रॅग म्हणतात. हे ब्रॅग गुलामगिरीच्या बाजूने लढलेले सेनापती. 2023 मध्ये नाव बदलून फोर्ट लिबर्टी केलं, 2025 मध्ये पुन्हा ब्रॅग, पण आता म्हणे दुसऱ्या महायुद्धातल्या त्याच आडनावाच्या एका साध्या सैनिकाच्या नावाने! दुकानदारांनी पाट्या दोनदा रंगवल्या.

दुसरी गोष्ट दाढीची. कुरळ्या केसांची दाढी तळापासून काढली की केस उलटा कातडीत शिरतो, गळ्यावर फोड येतात. हा त्रास कृष्णवर्णीय पुरुषांना फार जास्त. त्यासाठी डॉक्टरच्या चिठ्ठीवर दाढी थोडी ठेवायची सूट मिळते. 2025 पासून हे नियम कडक झालेत, फार काळ सूट लागत असेल तर सेवेतून काढताही येतं. मुलाचा सार्जंट कृष्णवर्णीय आहे, ती चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवतो. नियमात रंगाचा उल्लेख कुठेच नाही, चहाबाज.

शिसपेन्सिल

आणि मेसमध्ये? टेबलं मिश्र असतात का?

खारीबिस्कीट

काल फोनवर हेच विचारलं. म्हणाला, आई, मेसमध्ये पलटणीप्रमाणे बसतात, रंग कुणी बघत नाही. शनिवारी गेटबाहेर केस कापायला मात्र सगळे वेगवेगळ्या दुकानांत जातात. तो स्वतः सार्जंटच्या न्हाव्याकडे जातो, कारण तो स्वस्तात कापतो.