हनुवटीवरची मुरुमे आणि पाळीचे चक्र : थांबावे की उपचार घ्यावेत?

सांगलीकर शिक्षिका

सांगलीतील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. अंतःस्रावी ग्रंथींचा पाठ चालू असताना वर्गात कोणी प्रश्न विचारत नाही, पण नंतर प्रयोगशाळेत एखादी मुलगी मागे रेंगाळते आणि पाळीच्या आधी हनुवटीवर येणाऱ्या पुटकुळ्यांविषयी हळूच विचारते. घरी तिला बहुधा एकच उत्तर मिळालेले असते : 'वय आहे, लग्न झाले की जाईल.' या उत्तराला माझा स्पष्ट विरोध आहे. तो का, हे मांडून इतरांचे मत जाणून घ्यावे म्हणून हा धागा सुरू करीत आहे.

अँड्रोजन गटातील संप्रेरके पुरुषांचीच असा समज असला, तरी स्त्रियांच्या शरीरातही बीजांडकोश आणि अधिवृक्क ग्रंथी ती तयार करतात. त्यांच्या प्रभावाने त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल सोडतात, केसाच्या छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी साचून ते बंद होते, अडलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू वाढतो आणि भोवती दाह सुरू होतो. पाळीपूर्वीच्या दिवसांत इस्ट्रोजेन उतरते, त्यामुळे अँड्रोजनचा प्रभाव तुलनेने वाढतो आणि जबड्याच्या कडेने व हनुवटीवर दुखऱ्या गाठी उठतात. विशेष म्हणजे अशा बहुतेक मुलींच्या रक्तातील अँड्रोजनचे प्रमाण मर्यादेतच असते. त्यांच्या तैलग्रंथी त्या संप्रेरकाला अधिक तीव्रतेने प्रतिसाद देतात, इतकेच. म्हणून 'तोंड नीट धूत नाहीस', 'वडापाव बंद कर' असे बोलून सारा दोष मुलीच्या पदरी टाकणे अन्यायाचे आहे.

थांबण्याची किंमत चेहरा मोजतो. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर मुरूम बसल्यानंतरही काळा डाग कित्येक महिने राहतो. तो निदान फिकट होत जातो; खोल गाठींनी पाडलेले खड्डे मात्र आपोआप भरून येत नाहीत. ज्या मुलीच्या चेहऱ्यावर गाठी येत आहेत तिला 'थांब' सांगणे म्हणजे ते खड्डे पडू देणे आहे. आणि जे पालक उपचाराला तयार होतात, तेही पुष्कळदा स्थळे पाहायला सुरुवात झाल्यावर होतात, याचे मला फार वाईट वाटते. सोळाव्या वर्षी जी मुलगी ओढणीने तोंड झाकून एसटीत बसते, तिचे दुःख त्याच वर्षीचे असते.

कराडकर

मॅडम, आपली तळमळ पोहोचली, तरीही मी आपल्याशी सहमत नाही. 'लवकर उपचार घ्या' हा सल्ला आपल्या गावांत प्रत्यक्षात कोणत्या वळणाने जातो, ते आमच्या घरात पाहिले आहे. माझी पुतणी नववीत असताना तिला मुरुमांसाठी दवाखान्यात नेले. तेथे पोटाची सोनोग्राफी झाली, अहवालावर 'पीसीओडी', म्हणजे बीजांडकोशांशी निगडित संप्रेरकांचा विकार, असे लिहिले गेले आणि हातात संप्रेरकांच्या गोळ्या आल्या. दवाखाना कोणता हे सांगण्याची गरज नाही, कारण हे अनेक ठिकाणी घडते. त्या एका शब्दाने घरातील बायका कुजबुजू लागल्या की हिला पुढे मूल होईल का, आणि त्या पोरीने ते सारे ऐकले.

मी स्वतः डॉक्टर नाही, पण त्या प्रसंगानंतर जाणकारांना विचारून, वाचून समजून घेतले. 2003 साली ठरलेल्या रॉटरडॅम निकषांनुसार प्रौढ स्त्रीमध्ये तीनपैकी दोन गोष्टी आढळल्या तर हे निदान होते : अनियमित पाळी, अँड्रोजनचे आधिक्य आणि सोनोग्राफीत दिसणारा, अनेक लहान पुटिका असलेला बीजांडकोश. किशोरवयात तो तिसरा निकष वापरूच नये, असे 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण पाळी सुरू झाल्यानंतर आठ वर्षांपर्यंत अनेक निरोगी मुलींचे बीजांडकोश तसेच दिसतात. पाळी सुरू झाल्यावर पहिले वर्षभर ती अनियमित असणेही स्वाभाविकच. मग चौदा वर्षांच्या मुलीला आजाराचा शिक्का कशासाठी? माझ्या मते मुरुमांच्या वाटेने मुलींना संप्रेरकांच्या औषधांकडे नेणे थांबले पाहिजे. आधी जेवण, झोप, व्यायाम पाहावा आणि निसर्गाला वेळ द्यावा.

मिरजेतील औषधविक्रेता

दोन्ही पत्रे वाचली. कराडकर, सोनोग्राफीविषयी आपण लिहिलेले योग्य आहे. मात्र 'निसर्गाला वेळ द्यावा' हे वाक्य आमच्या काउंटरवर कसे दिसते, ते सांगतो. घरच्यांनी थांबायला सांगितलेली मुलगी थांबत नाही. ती मैत्रिणीने सांगितलेल्या ट्यूबचे नाव कागदावर लिहून दुकानात येते, आणि त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोनसारखे स्टिरॉइड असते. काहींत त्याच्या जोडीला रंग उजळवणारे हायड्रोक्विनोन आणि त्वचा सोलणारे ट्रेटिनॉइनही मिसळलेले असते.

पहिल्या आठवड्यात लाली उतरते, चेहरा उजळ वाटतो आणि मुलीचा त्या मलमावर विश्वास बसतो. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात जळजळ होते, गालांवर केस वाढतात आणि नव्याने मुरुमे उठतात. मलम थांबवले की सारे आणखी भडकते, म्हणून ती पुन्हा तेच मागते. 2018 साली केंद्र सरकारने अशा 14 स्टिरॉइड मलमांना परिशिष्ट एचमध्ये घातले, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम आहे, तो सगळीकडे पाळला जातो असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मी नाकारले तर गिऱ्हाईक रस्ता ओलांडून दुसऱ्या मेडिकलमध्ये जाते, हे रोजचे आहे. त्यामुळे उपचार आणि विनाउपचार अशी निवड मुळात नसतेच. योग्य उपचार घरच्यांनी लवकर दिला नाही, तर चुकीचा उपचार मुलगी स्वतःच्या खाऊच्या पैशांतून घेते.

वाईची आजी

आमच्या काळी 'अंगात उष्णता झाली' म्हणत आणि सब्जा, ताक, गुलकंद देत. चेहऱ्याला हळद आणि बेसन लावत. त्याने कोणाचे नुकसान झालेले मी पाहिले नाही. सांगलीची हळद भौगोलिक मानांकन मिळवते आणि सांगलीच्याच मुली परदेशी मलमे शोधतात, याचे मला वाईट वाटते. घरगुती उपायांनी डागांसकट सारे बरे झाल्याच्या कितीतरी जणी माझ्या ओळखीच्या आहेत. डॉक्टरांकडे जाण्यास माझी ना नाही, पण पहिली पायरी घरातच असावी, या मताची मी आहे.

सांगलीकर शिक्षिका

आजी, हळदीतील कर्क्युमिन दाह कमी करते हे प्रयोगशाळेत दिसले आहे आणि आठवड्यातून एखादे वेळी लावलेल्या हळद-बेसनाला माझा आक्षेप नाही. परंतु त्या लेपात आता लिंबू पिळतात, खायचा सोडा घालतात, काही जणी टूथपेस्टही लावतात. लिंबाच्या रसाने आधीच दुखावलेली त्वचा भाजल्यासारखी होते आणि त्यावर ऊन पडले तर डाग अधिक गडद होतात. शिवाय डोक्याला चोपडलेले खोबरेल तेल कपाळावर उतरून तेथील छिद्रे बंद करते, हेही घरातल्या मोठ्यांनी लक्षात घ्यावे. घरगुती उपायांनी बऱ्या झालेल्या जणींबद्दल इतकेच म्हणेन की अनेकींची मुरुमे वयाबरोबर खरोखरच कमी होतात, आणि त्याचे श्रेय त्या वेळी चेहऱ्याला जे लावले असेल त्याला मिळते.

कराडकर, आपल्या पुतणीवर जे ओढवले ते वाईटच होते. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. निदान घाईने झाले म्हणून उपचारच लांबवावा, हे तर्कात बसत नाही. मुरुमांच्या पहिल्या उपचाराला ना सोनोग्राफी लागते, ना कोणत्या आजाराचे नाव. अ‍ॅडापेलीनसारखे छिद्रे मोकळी करणारे मलम रात्री, वाटाण्याएवढे, सगळ्या चेहऱ्यावर पातळ पसरून लावायचे. त्याच्या जोडीला जिवाणू मारणारे अडीच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड. सौम्य साबण, साधे मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, सोलते, म्हणून एक दिवसाआड लावून पाहावे. बेंझॉइल पेरॉक्साइडने उशीचा अभ्रा आणि टॉवेल यांचा रंग उडतो, हे आधी सांगितले नाही तर आई घाबरून औषध बंद करते! परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात; बहुतेक मुली तिसऱ्या आठवड्यातच हे निरुपयोगी म्हणून सोडून देतात. हे सारे त्वचारोगतज्ज्ञांना विचारून करावे, आणि गरोदर असताना किंवा गर्भधारणेचा विचार असताना अ‍ॅडापेलीन वापरू नये.

कराडकर

या मलमांना माझा विरोध नाही. माझा विरोध गोळ्यांना आहे, आणि आहाराचा प्रश्न आपण बाजूला सारलात यालाही आहे. आपला हा पट्टा उसाचा. सकाळी साखरेचा चहा, सोबत बिस्किटे, गोडाधोडाला निमित्त लागत नाही. साखर आणि मैदा यांनी रक्तातील इन्सुलिन झपाट्याने वाढते, इन्सुलिनमुळे बीजांडकोशांतील अँड्रोजनची निर्मिती वाढते आणि ते बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी बनते. ही साखळी सर्वज्ञात असताना डॉक्टर त्यावर दोन मिनिटे बोलत नाहीत. आणि हा विषय केवळ मुलींचाही नाही. आमच्याकडे तालमीत आणि जिममध्ये जाणारी पोरे व्हे प्रोटीनचे डबे रिकामे करतात, काही जण त्याहून वाईट सुया टोचून घेतात, आणि मग पाठीवर व छातीवर मुरुमांचे थर येतात. ॲनाबॉलिक स्टिरॉइड हेही अँड्रोजनच आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

विट्याची, सध्या पुण्यात नोकरी

कराडकर काका, आहाराविषयी आपण जे लिहिता ते ऐकत मी मोठी झाले, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. 2007 साली ऑस्ट्रेलियात झालेला जो अभ्यास या संदर्भात नेहमी सांगितला जातो, त्यात रक्तशर्करा सावकाश वाढवणारा आहार बारा आठवडे घेतल्यावर मुरुमे अधिक कमी झाली हे खरे. पण त्यात सहभागी झालेले 43 जण तरुण पुरुष होते. साखर कमी करावीच, ते अनेक कारणांनी चांगले. मात्र मी दूध सोडले, गोड सोडले, भात सोडला, तरी दर महिन्याला हनुवटीवर गाठी येतच राहिल्या, आणि प्रत्येक वेळी घरात पहिला प्रश्न 'काय खाल्लेस?' हाच असायचा. आहाराचा सल्ला किती लवकर आरोपाचे रूप घेतो, हे आपल्याला कदाचित जाणवत नसेल.

मॅडमशीही माझे एका बाबतीत मतभेद आहेत. 'लवकर उपचार' म्हणताना मुरुमे कायमची जातील असे ऐकणाऱ्याला वाटते. संप्रेरकांशी जोडलेली मुरुमे काहींना पंचविशी-तिशीतही येतात आणि औषध थांबल्यावर परतही येतात. मला स्पायरोनोलॅक्टोनचा उपयोग झाला. हे मुळात रक्तदाबासाठीचे जुने औषध. ते अँड्रोजनला तैलग्रंथींवर काम करू देत नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंड-वेल्समधील चाचणीत 410 स्त्रिया होत्या आणि बाराव्या आठवड्यापेक्षा चोविसाव्या आठवड्यात फरक अधिक दिसला. म्हणजे सहा महिने धीर धरावा लागतो. त्यात पाळी पुढेमागे होऊ शकते, लघवी वारंवार होते आणि गर्भधारणा टाळावीच लागते, कारण मुलगा असल्यास गर्भाच्या वाढीवर परिणाम होण्याचा धोका असतो. अविवाहित मुलीला हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलता येत नाही, कारण शेजारच्या खुर्चीवर आई बसलेली असते. तीव्र मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या बाबतीत तर हे अधिकच गंभीर आहे. त्या गोळीने गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात, म्हणून ती चालू असताना आणि थांबवल्यानंतर महिनाभर गर्भधारणा होता कामा नये. डॉक्टरांनी मुलीशी एकटीने बोलावे, एवढी साधी सुधारणाही मला या साऱ्या वादापेक्षा मोठी वाटते.

सांगलीकर शिक्षिका

ताई, मुरुमे कायमची घालवणे नव्हे, 'आटोक्यात ठेवणे' हाच अचूक शब्द आहे आणि माझा आग्रह त्यासाठीच आहे. एकटीने बोलण्याच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे.

गोळ्यांविषयी कराडकरांना उत्तर देणे आवश्यक आहे. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टोजेनच्या एकत्रित गोळ्या अँड्रोजनला बांधून ठेवणारे प्रथिन वाढवतात, त्यामुळे मोकळे टेस्टोस्टेरॉन कमी होते. मलमांनी काम भागले नाही, किंवा पाळी तीन-तीन महिने येत नाही आणि हनुवटीवर राठ केसही वाढत आहेत, तर स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेली ही गोळी रास्त उपचार आहे. मात्र ती देण्यापूर्वी रक्तदाब मोजला जावा, प्रकाशाच्या रेषा दिसून सुरू होणारी अर्धशिशी आहे का आणि घरात कोणाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली होती का, हे विचारले जावे. या गोळ्यांनी, विशेषतः सायप्रोटेरॉन हे अँड्रोजनरोधक औषध असलेल्या गोळीने, गुठळ्यांचा धोका वाढतो. आणि काही महिन्यांतच आवाज घोगरा होणे, झपाट्याने केस वाढणे, टक्कल पडू लागणे असे दिसले, तर मलम लावीत बसू नये. अँड्रोजन स्रवणाऱ्या गाठीची शक्यता तपासण्यासाठी ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावे.

कराडकर

रक्तदाब आणि घरातील इतिहास विचारल्याशिवाय गोळी नको, हे आपण लिहिलेत याचे समाधान वाटले, कारण आमच्या पुतणीला यातले काहीच विचारले नव्हते. तरीही अठरा वर्षांखालील मुलीला केवळ मुरुमांसाठी संप्रेरकांची गोळी द्यावी, हे मला पटलेले नाही आणि पटेल असे वाटत नाही. पाळीच्या तक्रारीसाठी असेल तर गोष्ट वेगळी. मलम, सनस्क्रीन आणि तीन महिन्यांचा धीर, इथपर्यंत मी आपल्याबरोबर आहे. पुतणी आता बारावीला आहे. अ‍ॅडापेलीनविषयी तिच्या आईला या आठवड्यात सांगतो आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना दोघींना पाठवतो, पण आत पुतणी एकटी जाईल, हेही सांगतो.