सामुदायिक रेडिओला जाहिरात तासाला १२ मिनिटं, स्वतःची बातमी शून्य. मराठवाड्याला हे परवडतं का?

मांजराकाठ (लातूर)

फेब्रुवारी २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने सामुदायिक रेडिओची, म्हणजे संस्थांनी आसपासच्या लोकांसाठी चालवलेल्या छोट्या केंद्रांची, मार्गदर्शक तत्त्वं सुधारली. जाहिरातीची वेळ तासाला ७ मिनिटांवरून १२ झाली. सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ रुपये होता, तो ७४ झाला. पहिली परवानगी ५ ऐवजी १० वर्षांची मिळते आणि एकच संस्था वेगवेगळ्या जिल्ह्यांत ६ केंद्रांपर्यंत काढू शकते. एवढं सगळं बदललं, पण बातम्यांचं कलम जिथल्या तिथे राहिलं. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावा, नाहीतर बोलीत भाषांतर करून वाचा. गावात आज काय घडलं ते स्वतः सांगायचं नाही.

माझं म्हणणं असं की हा बदल उलट्या क्रमाने झाला. सोयाबीनचा हमीभाव जाहीर झाला, तर तो रेडिओवर सांगता येतो. पण खरेदी केंद्रावर बारदाना संपलाय, ट्रॅक्टर तीन दिवसांपासून रांगेत उभे आहेत, हे सांगितलं की ती चालू घडामोड ठरते. ऐकणाऱ्याला दुसरीच माहिती जास्त कामाची असते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. त्या लहरींवर खताची जाहिरात चालते, मग खत मिळत नसल्याची बातमी का चालू नये?

हिशेबवही (बीड)

दादा, बातमीचा मुद्दा मोठा आहे, पण १२ मिनिटांना हलकं समजू नका. १२ मिनिटं म्हणजे ७२० सेकंद, १० सेकंदांच्या ७२ जागा. ७४ च्या दराने तासाला जास्तीत जास्त ५,३२८ रुपये. जुन्या नियमात ४२ जागा गुणिले ५२, म्हणजे २,१८४. कमाल मर्यादा दुपटीच्या वर गेली.

सगळ्या जागा रोज भरत नाहीत, हे खरं. कृषी सेवा केंद्रवाला आणि कापड दुकानवाला सरकारी दर देत नाहीत, दिवाळी आणि पेरणीचे आठवडे सोडले तर निम्मा वेळही विकला जात नाही. तरी निवेदक, वीजबिल, डिझेल, दुरुस्ती यांना दुसरा आधार कुठे आहे? प्रायोजित कार्यक्रम घ्यायचे तर तेही केंद्र किंवा राज्य सरकारचे, नाहीतर लोकहिताची माहिती देणाऱ्या संस्थांचे, एवढीच मुभा. आधी केंद्र जगू द्या. बंद पडलेल्या केंद्राला बातमीची परवानगी मिळून उपयोग काय?

गोदाथडी (पैठण)

दोघांनाही एक विनंती, कलम पूर्ण वाचा. हवामान, वाहतूक, सण-उत्सव, परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीच्या जागा, तसंच वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे या गोष्टी ‘बातमी’ धरल्याच जात नाहीत. जायकवाडीचे दरवाजे उघडले तर विसर्ग किती, कोणत्या गावांनी सावध राहायचं, हे आजही बिनधास्त सांगता येतं. अनेक केंद्रं भीतीपोटी तेवढंही सांगत नाहीत आणि दोष नियमाला देतात.

रीत सोपी आहे. तहसील आणि पाटबंधारे कार्यालयाला आधीच पत्र देऊन ठेवा, म्हणजे त्यांचे इशारे थेट केंद्राकडे येतील. आलेला संदेश वेळेसह वहीत नोंदवा. वाचताना कार्यालयाचं नाव आणि संदेशाची वेळ आधी सांगा, मग आकडा. नवा संदेश आला की जुना आकडा लगेच काढा. सकाळी ध्वनिमुद्रित केलेला विसर्ग दुपारीही वाजत राहणं, सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. म्हणून विसर्गाचा आकडा मुद्रित करूच नये, दरवेळी थेट वाचावा.

मांजराकाठ

ताई, यादी वाचली आहे. त्या ओळीच्या शेवटी ‘स्थानिक प्रशासनाने दिलेली’ अशी अट आहे, तीच माझी अडचण. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा, सीना, मांजरा सगळ्या एकदम फुगल्या. ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेल्याचं गावातल्या माणसाला आधी कळतं, कार्यालयाला नंतर. त्या मधल्या वेळात रेडिओने गप्प बसायचं? आणि पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला कोणी फिरकलं नाही, हे प्रशासन स्वतःहून कसं देईल?

‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एफएमसाठी तासाला १० मिनिटं बातम्यांची शिफारस केली. पैसेवाल्या केंद्रांसाठी हा विचार होतो, तर १० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या आमच्या केंद्रासाठी का नको?

अँटेना (परभणी)

मी बातमीच्या विरोधात आहे, आणि कारण तांत्रिक आहे. प्रभावी प्रसारणशक्तीची मर्यादा १०० वॅट, अँटेना ३० मीटरपर्यंत, कर्मचारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बहुतेक ठिकाणी जो माणूस कार्यक्रम करतो तोच मशीन पाहतो. बातमी म्हटलं की दुसऱ्या बाजूला विचारणं आलं, कागद तपासणं आलं. चूक झाली तर पहिल्या उल्लंघनाला महिनाभरापर्यंत, दुसऱ्याला तीन महिन्यांपर्यंत प्रसारण बंद होऊ शकतं आणि त्यानंतर परवानगीच जाते. महिनाभर बंद राहिलेलं केंद्र पुन्हा उभं राहणं कठीण.

आणि आहे तेच नीट चालत नाही. आपली काळी जमीन एप्रिलमध्ये भेगाळते, अर्थिंगच्या सळईभोवती हवा राहते, प्रतिकार वाढतो. मग पहिल्या वळवाच्या विजेत ट्रान्समीटर जातो. अर्थिंगच्या खड्ड्यात दर आठवड्याला पाणी ओतायचं काम, तेही विसरलं जातं. पावसाळ्यात केबलच्या जोडात पाणी शिरतं. ५० वॅटच्या ट्रान्समीटरवर अँटेनाकडून परत येणारी शक्ती २ वॅटच्या वर दिसली, की जोड उघडून पाहिलाच पाहिजे. वाढलेली ५ मिनिटं आधी या खर्चाला लागू द्या.

गोदाथडी

अर्थिंगचं पटलं, शिक्षेचं नाही. शिक्षेची भीती असेल तर पुरावा ठेवा. प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपणं तसंही बंधनकारक आहे. ६४ केबीपीएस दर्जाने मुद्रण केलं तर एक तास २८.८ एमबी होतो. रोज १२ तास धरून ९० दिवसांचे साधारण ३१ जीबी. फक्त मुद्रण मिक्सरवरून घेऊ नका, वेगळ्या रेडिओ संचावरून घ्या. मिक्सर चालू आणि ट्रान्समीटर बंद असला, तर जे हवेत गेलंच नाही तेही मुद्रणात दिसतं.

हिशेबवही

दादांच्या एका मुद्द्याला माझाही पाठिंबा आहे. लातूर, उस्मानाबाद, उदगीर ही नावं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेल्या २३४ नव्या शहरांच्या खासगी एफएम यादीत आहेत. त्यांना बातमी मिळाली आणि आपल्याला नाही, तर स्थानिक जाहिरातदार तिकडेच जाईल. म्हणजे हा माझ्या हिशेबाचाही प्रश्न झाला. पण सरसकट परवानगी नको. दिवसाला १० मिनिटं, फक्त आपल्या तालुक्यापुरती, निवडणूक काळात पूर्ण बंद.

मांजराकाठ

तालुक्याची अट मान्य, दिवसाला १० मिनिटंही चालतील. निवडणुकीत पूर्ण बंद मात्र मान्य नाही. मतदान केंद्र बदललं, यादीतली नावं गळाली, ही माहिती लोकांना त्याच दिवसांत लागते. उमेदवारांबद्दल बोलायला बंदी घाला, मतदारांबद्दल नको.

अँटेना (परभणी)

आणि ती रेषा रोज सकाळी कोण आखणार? निवेदकच ना? माझा विरोध कायम.